मागं सात जण बसतात

माझा मुलगा फौजेत गाडी चालवायचा. एवढं साधं वाक्य, पण ते मला कितीतरी वर्षं चारचौघांत सरळ बोलता आलं नाही. का आलं नाही, ते सांगायलाच बसले आहे. मी चौथी शिकलेली बाई. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं आणि लिहिण्याचा हात बसला बचत गटाचे ठराव लिहून लिहून. त्यामुळं मी बोलते तसंच लिहिते. मधेच इकडंतिकडं जाईन, पण परत येईन, काळजी करू नका.

गोष्ट सुरू होते मुलाच्या सोयरिकीपासून. पाहुणे आले होते बीबीहून, मुलीलाही सोबत घेऊन. ते लोणार तालुक्यात, आम्ही इकडं मलकापूरच्या अंगाला, म्हणजे जिल्ह्याची दोन टोकं. आमची भाजीपाल्याची शेती. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि नाल्याकडच्या तुकड्यात कपाशी. घर काही दिपवणारं नव्हतं. पोहे झाले, चहा झाला, मग मुलीच्या मामांनी विचारलं, “मुलगा मिलिट्रीत आहे म्हणता, पण काय आहे?”

आमचे हे सरळ माणूस. म्हणाले, “डायव्हर आहे.”

“म्हणजे साहेबाची जीप चालवतो का?”

“नाई नाई. मोठी गाडी असते. लोखंडाची.”

पुढं यांना काही सांगता येईना. मामा मान हलवत होते, पण चेहरा असा की आता निघावं. मी आतल्या दाराची चौकट धरून उभी. मुलगी मला पाहताक्षणी आवडलेली. चहाचे कप तिनं स्वतःहून आत आणून विसळले होते, कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, झालं, पोरगी हातची गेली. आणि माझ्या तोंडून निघालं, “रणगाडा चालवते तो.”

मामा ताठ झाले. “रणगाडा?”

“हाव.”

मामांनी आणखी अर्धा कप चहा मागितला. सोयरीक जुळली.

त्या दिवसापासून माझा मुलगा तालुक्यात रणगाडेवाला झाला. बाजारात मी टोपली घेऊन गेले की बायका जागा सरकवून देत, “बस वं, रणगाडेवाल्याची माय.” खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागायचं.

मुलाला कळलं पुढच्या सुट्टीत. कटिंग करायला गेला तर तिथं चार जणांनी त्याला रणगाड्याचंच विचारलं. घरी येऊन माझ्यापुढं बसला. मी मिरच्यांचे देठ खुडत होते.

“आई, काऊन सांगतलं तसं?”

“सोपं पडते रे. लोकाईले रणगाडा समजते.”

“पण मी रणगाडा चालवत नाई.”

“मंग काय चालवतं तू? मले एकडाव नीट सांग, मी सगळ्याईले सांगते.”

तिथून माझं शिक्षण सुरू झालं. ते फोनवर आणि सुट्ट्यांमधून बरीच वर्षं चाललं. आधी मी म्हटलं, हे फौजेतलं चोरीचं, गुपित तर नाही ना? तो म्हणाला, “छब्बीस जानेवारीले टीवीवर साऱ्या दुनियेले दाखवतात, त्यात चोरीचं काय?” मग मी बिनधास्त विचारू लागले.

त्याच्या गाडीला ते लोक बीएमपी म्हणतात. दिसायला रणगाड्याचीच धाकटी बहीण. तसेच साखळीचे पट्टे, तशीच वर फिरती टोपी, तशीच बंदुकीची नळी. पण नळी बारीक. रणगाड्याची तोफ एकच गोळा सोडते आणि भिंत पाडते, हिची नळी भराभर उडवते. कातडीही हिची पातळ. साध्या बंदुकीच्या गोळीला दाद देत नाही, पण मोठ्या तोफेपुढं उभी राहू नये. मी म्हटलं, “मंग कायले पाह्यजे अशी अर्धवट गाडी? सरळ रणगाडाच घ्यावा नं.”

तो म्हणाला, “आई, रणगाड्यात तीन-चारच जण, ते सारे त्याले चालवण्यात न् तोफ उडवण्यात गुंतेल. त्याच्यातून उतरून कोण जाईन? समज, तुरीच्या वावरात कोणी लपून बसलं. रणगाड्याले पायाजवळचं दिसत नाई. तिथं माणूसच पाह्यजे, पायी जाणारा. जागा घ्यायची म्हणजे तिथं माणसानं उभं राहावं लागते. ते माणसं जिवंत, धडधाकट तिथपर्यंत पोचवायचे, उतरवायचे, आणि मागून त्याईच्यासाठी बंदूक चालू ठेवायची. त्याच्यासाठी आमची गाडी. पुढं मी. टोपीत दोन जण, एक हुकूम देणारा, एक नळीवाला. आणि मागं सात जण बसतात.”

“मागं?”

“हाव. एक माझ्या पाठीशी, सहा एकदम मागच्या खोलीत. पाठीला पाठ लावून, तोंडं बाहेरच्या बाजूनं.”

आता इथं मला थोडं माझं सांगावं लागतं. मी आयुष्यभर गाडीच्या मागं बसलेली बाई आहे. भाजी मलकापूरच्या बाजाराला न्यायची तर मेटॅडोरच्या हौद्यात टोपल्यांच्या मधे बसायचं. मागं बसणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. खड्डा आला हे कमरेला आधी कळतं, डोळ्याला कळतच नाही. आमच्याकडं एक डायव्हर असा होता की त्याच्या गाडीतून उतरल्यावर अर्धा तास मला तराजू नीट धरता यायचा नाही. आणि एक म्हातारबाबा होते, त्यांच्या गाडीत मी डुलकी काढायची. भाडं दोघांचं सारखंच.

म्हणून मुलानं मागच्या सात जणांचं सांगितलं तेव्हा मी पहिलं हेच विचारलं, “त्याईले धक्के बसतात का रे?”

तो फोनवर हसला. मग म्हणाला, “आई, सारे लोक विचारतात तोफ केवढी, स्पीड किती. हे तूच विचारलं.”

मग त्यानं सांगितलं की डायव्हरची खरी परीक्षा हीच. त्या सात जणांना काचेच्या फटीतून दिसलं तर दिसतं. आत अंधार, उकाडा, गुडघे लोखंडाला टेकलेले, इंजिनाचा आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. डायव्हरनं गाडी आदळत नेली तर ते ओकाऱ्या काढत उतरतील, आणि उतरल्या-उतरल्या त्यांना धावायचं असतं. तेव्हा हा वाळवंटात वाळूची टेकडी दिसली की वेग आधीच उतरवायचा, माथ्यावर गाडी अलगद ठेवायचा. “माझ्या गाडीतले लोक झोपा काढत,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात जे होतं ना, तसं मी रणगाडेवाल्याची माय म्हणवून घेताना माझ्या आवाजात कधी आलं नाही.

तरी मी गावात काही सांगितलं नाही. सांगणार कसं? सुनेला माहीत होतं, ती काय त्याची बायको. पण तिच्या आईला काय तोंडानं सांगू, की विहीणबाई, सोयरीक जमावी म्हणून मी खोटं बोलले?

शिक्षण मात्र चालू होतं. एकदा म्हणाला, गाडी पाण्यातून तरत जाते. मी म्हटलं, थापा मारू नको, लोखंड कुठं तरते? म्हणाला, “हौदात घमेलं सोडून पाह्य.” मी लगेच उठून सोडलं. तरलं की हो! त्यात चार वांगी ठेवली, तरी तरलं. मग त्यानं सांगितलं, पाण्यात उतरायच्या आधी तोंडाशी एक फळी उभी करायची, आपण सूप धरतो तशी, म्हणजे लाट अंगावर चढत नाही. आणि पट्टेच पाणी मागं लोटतात. दुसऱ्यांदा म्हणाला, मागच्या दोन दारांच्या पोटात डिझल भरलेलं असतं. मी रागावले. चुलीपाशी रॉकेल ठेवू नये हे मले कळते, तुमच्या मोठ्या मोठ्या साहेबाईले कळत नाई का? तो हसत सुटला. म्हणाला, “ते डिझल आधी वापरून रिकामं करायचं असते, मंगच लढाईत जायचं.” तरी मला ते काही पटलं नाही. अजून पटलेलं नाही.

एकदा त्यानं आम्हा दोघांना आणि सुनेला त्याच्या ठिकाणी नेलं होतं. घरच्यांना गाड्या पाहू देतात असा एक दिवस असतो. पोरांच्या रांगेत मीही उभी राहिले. एक जवान म्हणाला, “आइए माताजी,” आणि हात दिला. मागच्या दारातून वाकून आत गेले, पदर सावरला, बसले. बाई वं, केवढी ती अडचणीची जागा! आमच्या घरातलं लाकडी कपाट आडवं पाडून त्यात बसावं तशी. समोरच्या फटीतून पाहिलं तर वाळूचा एक तुकडा आणि त्यावर यांचे धोतराचे पाय. दार लावलं तसा बाहेरचा सगळा कलकलाट तुटला. त्या पाच मिनिटांत मला कळलं की इथं बसलेल्या माणसाचा सगळा जीव पुढच्या एकाच्या हातापायात असतो. बाहेर आल्यावर मी मुलाकडं गेले. त्याच्या दंडावरून हात फिरवला.

नंतर काही वर्षांनी हे गेले. जायच्या आधीही लोकांना सांगत होते, “पोरगा डायव्हर आहे.” आणि लोक यांनाच दुरुस्त करत, “अहो बाबा, रणगाडा, रणगाडा!”

आता येते मुद्द्यावर.

गेल्या वर्षी मुलगा रिटायर झाला. आमच्याकडं फौजी रिटायर होऊन आला की गाव त्याची मिरवणूक काढतं. फाट्यापासून वेशीपर्यंत वाजतगाजत आणायचं, रस्त्यानं रांगोळ्या, वेशीवर बायकांनी ओवाळायचं. शेजारच्या गावांतले जुने फौजीही येतात. माझ्या दिराचा मुलगा, आता चांगला चाळिशीचा बाप्या, त्याच्याकडं ट्रॅक्टर. त्यानं ट्रॉली सजवण्यापासून बॅनरपर्यंत सगळं अंगावर घेतलं. मला म्हणाला, “काकू, तू फक्त ओवाळाचं ताट पाह्य. बाकी असं करतो का तालुका पाह्यत राहीन.”

दोन दिवस राहिले आणि मुलाचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, “आई, ते बॅनर पाह्यलं मोबाईलवर. रणगाड्यावर उभा केला मले.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“देऊळघाटचे काका येऊन राह्यले मिरवणुकीत. ते खरे रणगाड्यावर होते. त्याईच्यासमोर मी रणगाड्यावर बसू? वीस-बावीस वर्षं ज्या गाडीत काढले तिचं नावच नाई, न् जिच्यात एक दिवस बसलो नाई तिच्यावर हार घालून घेऊ?” आवाज चढवलेला नव्हता. तेच मला जड गेलं. “रणगाडा असला तं मी फाट्यावर उतरत नाई आई. दुसऱ्या रस्त्यानं घरी येतो. दोन पोया खाऊ न् झोपू.”

सकाळी उठून पुतण्याच्या अंगणात गेले. तिथं उभा होता रणगाडा. ट्रॉलीवर बांबूचा सांगाडा, त्यावर आमच्याच मिरचीच्या रोपवाटिकेची हिरवी शेडनेट, वर निळा ड्रम अर्धा कापून रंगवलेला, आणि त्यातून निघालेला पाइपलाइनचा चार इंची पाइप, हा एवढा लांब. ड्रमवर लाल मखमलीची खुर्ची, मंगल कार्यालयातून आणलेली. आसपास आठ-दहा माणसं, सगळ्यांचे हात हिरवे. आणि ओट्यावर विहीणबाई बसलेल्या, आदल्या दिवशीच बीबीहून आलेल्या, डोळे भरून पाहत होत्या.

पुतण्या म्हणाला, “कसा काय?”

मी म्हटलं, “चांगला आहे रे. पण हे आपल्या पोराची गाडी नाई.”

“म्हंजे?”

“तो रणगाडा चालवत नव्हता. मी खोटं बोलली होती. सोयरिकीच्या वक्ती.”

सगळे थांबले. कोणाचा ब्रश तसाच हवेत. मी विहीणबाईंकडं वळले, कारण बोलायचं तर त्यांनाच होतं. म्हटलं, “विहीणबाई, तुमचे भाऊ उठून जातीन असं वाटलं मले. पोरगी आवडली होती. म्हणून बोलली. एवढे वर्षं जीभ रेटली नाई. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.”

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतात की काय. तर हसत होत्या.

“अहो, मला दुसऱ्याच वर्षी ठाऊक झालं. जावईबापूंनी दिवाळीला आले तव्हा सांगितलं, पाया पडून. म्हणले, आईला म्हणू नका, ती सांगंल तिचं ती.”

“मंग तुम्ही बोलल्या काऊन नाई?”

“कशाला बोलू? मी बी बीबीत रणगाडाच सांगत होते की! मला कुठं ती दुसरी गाडी समजावून सांगता येती!”

अंगणभर हशा पिकला. पुतण्या मात्र हसला नाही. त्याचे दोन दिवस गेले होते. डोक्याला हात लावून म्हणाला, “म्हातारे, उद्या दहा वाजता मिरवणूक, न् तू आज सांगून राह्यली? आता काय वावरात नेऊन सोडू याले?”

“सोडू नको. मी सांगते तसं कर. अर्धी गाडी तं झालीच आहे.”

आणि मग मी, जिनं आयुष्यात कुदळीला दांडाही कधी बसवला नाही, त्या आठ-दहा बाप्यांना गाडी बांधायला लावली. पहिलं, तो पाइप काढ. नळी बारीक पाहिजे, एक इंची, लांब. “अशी काडीसारखी?” “काडीसारखीच. पण भराभर उडवते.” ड्रमाची टोपी मधे सरकव, चपटी कर. खुर्ची परत देऊन ये, ह्या गाडीवर कोणी खुर्ची टाकून बसत नाही. तोंडाशी सुपासारखी फळी लाव. “हे कायले?” “पाण्यात तरते ती.” “ट्रॉली?” “अबे, गाडी!”

पुतण्यानं आपल्या डोक्यानं दोन्ही बाजूंनी समोरासमोर बसायच्या फळ्या टाकायला घेतल्या, वऱ्हाडाच्या ट्रॉलीत असतात तशा. मी ओरडले. ते वऱ्हाड नव्हे. पाठीला पाठ. मग टमाट्याचे कॅरेट आणले, प्लास्टिकचे, जे आमच्या प्रत्येकाच्या खळ्यात पडलेले असतात. मधोमध तीन आणि तीन पालथे घातले, पाठीला पाठ, आणि एक एकदम पुढं, डायव्हरच्या मागं. शेडनेटला दोन्ही अंगांनी तीन-तीन फटी पाडल्या. बॅनरवरचा रणगाडा मागं दुमडून टाकला, मुलाचा चेहरा तेवढा वर राहिला. तसाही तो त्या रणगाड्यावर लहानसाच दिसत होता.

राहिली दारं. ट्रॉलीला मागं एकच आडवा फाळका असतो, खाली पडणारा. मला दोन दारं पाहिजे होती, बाहेर उघडणारी. हीच तर त्या गाडीची ओळख. पुतण्या म्हणाला, “आता दारं कुठून आणू?”

मी म्हटलं, “माझ्या घरी चल.”

माझ्या लाकडी कपाटाची दोन्ही दारं काढली. आत बियाण्याचे डबे, यांचे दोन कोट, सुनेची पैठणी, सगळं उघडं. सून म्हणाली, “आई, कपाट बोडकं दिसते.” म्हटलं, “दिसू दे. चार दिवसांचं काम आहे.” दारं हिरवी रंगवली, बिजागऱ्या ट्रॉलीच्या खांबांना ठोकल्या. उघडून पाहिली, मिटून पाहिली. डाव्या दाराला कुई आवाज यायचा तो तिथंही आला.

दुसऱ्या दिवशी दहाला आम्ही फाट्यावर. मी, विहीणबाई, सून आणि बचत गटाच्या चौघी, हातात ताटं. आम्हाला खरं तर वेशीवर उभं राहायचं होतं, पण मला धीर निघेना, म्हणून सगळ्यांना ओढत फाट्यावर आणलेलं. मुलाला काही कळवलं नव्हतं. फोनवर सांगितलं असतं तर त्याला खरं वाटलं नसतं. मलकापूर स्टेशनावरून जुन्या फौजींची जीप येताना दिसली आणि मी ताट घेऊन रस्त्याच्या कडेला पुढं झाले. जीप थांबली. पण तो लगेच उतरला नाही. काचेतून पाहत राहिला. तेवढ्यात पलीकडच्या दारातून देऊळघाटचे काका उतरले, पांढऱ्या मिशा, छातीवर पदकं. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मागं गेले. कपाटाच्या दारांवर टिचकी मारली.

“वा रे वा! डिझल भरलं का याच्यात?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “लढाईच्या आधी रिकामं करायचं असते.”

काका माझ्याकडं पाहतच राहिले, आणि मग जीपकडं तोंड करून ओरडले, “उतर बे! तुही गाडी आहे, माही नाई!”

तो उतरला. माझ्याकडं आलाच नाही आधी. सरळ मागं गेला. दोन्ही दारं उघडली, वाकून आत पाहिलं. कॅरेट मोजले असणार, कारण त्याचं बोट हलत होतं. मग दाराला धरून तसाच उभा राहिला, पाठ आमच्याकडं. तिथूनच म्हणाला, “कपाट उघडंच ठेवून आली का आई?”

“हाव.”

मग तो पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

पुतण्या हार घेऊन पुढं आला. “चाल दादा, वर टोपीत उभा राहा. ट्रॅक्टर मी हाकतो.”

“नाई. मी हाकतो.”

“अरे, नवरदेव सोता घोडा धरते का?”

“माही जागा पुढंच आहे.” त्यानं हार घालून घेतला आणि ट्रॅक्टरवर चढायला निघाला. मग थांबला. “मागं रिकामं काऊन?”

“ते दाखवाले आहे,” मी म्हटलं.

“रिकामी गाडी मी कशी नेऊ? बसा. सात जणी आहाच तुम्ही.”

पुतण्या कासावीस. “दादा, मंग वेशीवर ओवाळन कोण?”

“ह्याच ओवाळतीन. मी नेऊनच राह्यलो नं त्याईले तिथं!”

तर आम्ही चढलो. सुनेला त्यानं पुढच्या कॅरेटवर बसवलं, त्याच्या पाठीशी. आम्ही सहा जणी मागं, पाठीला पाठ, मांडीवर ताटं. माझ्या पाठीला विहीणबाईंची पाठ. त्यानं स्वतः दारं लावली. डावं दार कुई वाजलं. ढोल सुरू झाले आणि गाडी निघाली.

“तुम्हाला काय दिसतं?” विहीणबाईंनी मागून विचारलं.

“तुरीचं वावर. तुमाले?”

“मला नुसते लाइटीचे खांब. जागा बदला की!”

“नाई जमत. इथं ज्याची त्याची जागा असते.”

फाट्यापासून गाव दीड-दोन किलोमीटर. मधे नाल्याचा पूल, तिथं रस्ता पार उखडलेला. त्या पुलावर दर बाजाराला माझ्या टोपलीतली वांगी उसळायची. मी ताट घट्ट धरून बसले. पण पूल आला कधी आणि गेला कधी, मला कळलं ते फटीतून पुलाचा कठडा मागं पडताना दिसला त्यावरून. ताटातलं कुंकू जागचं हललं नाही. मी गटातल्या बायकांना सांगून ठेवलं, दार उघडलं की तिघींनी डावीकडून, तिघींनी उजवीकडून, रेंगाळायचं नाही. “काऊन वं?” एकीनं विचारलं. म्हटलं, “तशीच रीत आहे.”

वेशीवर गाडी उभी राहिली. तो उतरून मागं आला. दोन्ही दारं उघडली. सगळं गाव जमलेलं, आणि कोणाला माहीतच नाही की आत बायका आहेत. आम्ही तिघी डावीकडून, तिघी उजवीकडून, ताटं सांभाळत उतरलो. विहीणबाईंचा पदर बिजागरीत अडकला, त्या एक पाऊल मागं खेचल्या गेल्या, सोडवून परत धावत आल्या. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सून पुढून उतरून आली. गाडीच्या आडोशाला निरांजनं पेटवली आणि पुढं जाऊन रांगेत उभ्या राहिलो. तोवर तो परत ट्रॅक्टरच्या सीटवर चढून बसला होता. हार गळ्यात, हात स्टेअरिंगवर. आम्ही त्याला तिथंच ओवाळलं.

देऊळघाटचे काका पुतण्याला म्हणत होते, “पाह्य, याले म्हंतात पोचवणं.” आणि पुतण्या, आदल्या दिवशी डोक्याला हात लावून बसलेला, आता लोकांना हातवारे करून सांगत होता, “रणगाड्यात माणसं बसत नाईत हो, आमच्या गाडीत सात बसतात!”

मी टाचा उंचावून कुंकू लावत होते तेव्हा तो वाकून हळूच म्हणाला, “आई, धक्के बसले का?”

मी जरा विचार केल्यासारखं केलं. म्हटलं, “एक बसला. निंघतानी.”

“तो क्लच जड आहे त्याच्या ट्रॅक्टरचा.”

“असंन. पुलावर नाई बसला.”

तो हसला. वडलांसारखाच हसतो, खाली पाहून.

कपाटाला दारं दुसऱ्या दिवशीच परत लागली. तीही त्यानंच लावली, तोंडात खिळे धरून. सून म्हणत होती की रंग घासून पॉलिश करू, तपकिरी कपाटाला हिरवी दारं बरी दिसत नाहीत. मी म्हटलं, राहू दे. आता कोणी घरी आलं आणि दारांचं विचारलं, की मी सांगते, माझा मुलगा फौजेत गाडी चालवायचा. कोणती गाडी म्हणून विचारलं, तर म्हणते, बसा मग निवांत, चहा टाकते.